उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नव्हे: वितरित प्रणाली भरवशाच्या कशा बांधाव्यात

गोदाकाठ (धागाकर्ता)

युपीआयने पैसे पाठवले, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा एसएमएस आला, आणि समोरचा दुकानदार म्हणतो, "नाही आले." हा प्रकार कुणाला नवा नाही. आत काय घडतं ते बघा. तुमच्या बँकेने रक्कम वजा केली, एनपीसीआयने (युपीआय चालवणारी संस्था) समोरच्या बँकेला जमा करण्याची विनंती पाठवली आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. इथे तीन शक्यता आहेत. विनंती पोचलीच नाही. पोचली, पण तिकडचा सर्व्हर मध्येच बसला. किंवा पैसे जमा झालेसुद्धा, फक्त 'झाले' हा निरोप वाटेत हरवला. पाठवणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात.

एकाच मशीनवर फंक्शन कॉल केला तर उत्तरं दोन: जमलं किंवा एरर. मध्ये नेटवर्क आलं, म्हणजे अनेक मशीन मिळून काम करणारी वितरित प्रणाली झाली, की तिसरं उत्तर जन्माला येतं: माहीत नाही. बहुतेक कोडमध्ये हे तिसरं उत्तर टाइमआउटच्या (वाट बघायची मुदत संपली की चालणाऱ्या) कॅच ब्लॉकमध्ये टाकून 'फेल' असा शिक्का मारलेला असतो, आणि दुहेरी पेमेंट, हरवलेली ऑर्डर, उणे शिल्लक हे सगळं तिथून सुरू होतं.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची सोय आहे. व्यक्ती-ते-व्यक्ती युपीआय व्यवहारात पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. मला यातली रचना महत्त्वाची वाटते. 'माहीत नाही' ही अवस्था मान्य केली आहे, तिला मुदत घातली आहे, आणि मुदत संपल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवलेलं आहे. आपल्या प्रणालीतल्या प्रत्येक टाइमआउटसाठी हे तीन कॉलम भरता आले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. पेमेंटसारख्या कामाला आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावं म्हणून तिला दिलेली खूण) लागतेच. ती बनवायची क्लायंटने, आणि बटण दाबलं तेव्हा एकदाच. रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करणाऱ्या लूपच्या आत की तयार केली तर प्रत्येक खेपेला नवी की जाते आणि सगळी मेहनत वाया. सर्व्हरवर एक टेबल: की (युनिक इंडेक्स, म्हणजे तीच की दोनदा घालता येत नाही), विनंतीच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), स्थिती, साठवलेलं उत्तर, वेळ. विनंती आली की आधी याच टेबलात ओळ घालायची. युनिक इंडेक्सने अडवलं तर जुनी ओळ वाचायची. स्थिती 'पूर्ण' असेल तर साठवलेलं उत्तर जसंच्या तसं परत द्या. 'चालू' असेल तर एचटीटीपीचा ४०९ हा एरर कोड द्या. की तीच पण हॅश वेगळा असेल तर ४२२ देऊन ठामपणे नाकारा, कारण तो क्लायंटमधला बग आहे आणि तो झाकता कामा नये.

काम तुमच्याच डेटाबेसात होणार असेल तर कीची ओळ आणि खात्यातली नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही). बाहेरच्या सेवेला कॉल करायचा असेल तर तो ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबता येत नाही. मग क्रम असा: आपला संदर्भ क्रमांक बनवून 'पाठवतोय' अशी नोंद करा आणि कमिट (पक्की) करा. त्यानंतर कॉल. उत्तर आलं की दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद. उत्तर आलं नाही तर त्याच संदर्भ क्रमांकाने स्थिती विचारत राहा. नवा क्रमांक काढून पुन्हा पाठवायचं नाही, कितीही घाई असली तरी.

फेलओव्हर (मुख्य मशीन पडलं की दुसऱ्याने त्याची जागा घेणं), घड्याळं, रिट्रायचं वादळ, प्रती किती ठेवायच्या, यावर जाणकारांनी लिहावं.

---

तारयंत्र

धागा वाचनखूण केला. तिसऱ्या उत्तराचा सर्वात महागडा प्रकार राहिला: 'लीडर (लिखाण घेणारं मुख्य मशीन) मेला आहे की फक्त दिसत नाही?' हा प्रश्न.

२१ ऑक्टोबर २०१८ चा गिटहबचा प्रसंग त्यांनी स्वतः तपशीलवार प्रसिद्ध केला आहे, तो या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलताना तिथला नेटवर्क हब आणि मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३. माय-एस्क्यू-एल डेटाबेसचे प्रायमरी (लिखाण घेणारे मुख्य सर्व्हर) सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या साधनाचे पश्चिम किनाऱ्यावरचे आणि पूर्वेच्या क्लाउडमधले नोड (गटातली मशीन) मिळून बहुमत झालं. त्यांनी नियमाप्रमाणे प्रायमरी पश्चिमेला हलवले. संपर्क परत आला तेव्हा लिखाण पश्चिमेला सुरू झालेलं होतं. पण पूर्वेच्या प्रायमरींवर संपर्क तुटण्याच्या वेळची काही सेकंदांची लिखाणं होती जी पश्चिमेला पोचलीच नव्हती. दोन्ही बाजूंकडे असा डेटा होता जो दुसरीकडे नव्हता, त्यामुळे सरळ मागे फिरता येईना. शिवाय पूर्वेकडच्या ॲप्लिकेशनला आता प्रत्येक लिखाणासाठी देश ओलांडावा लागत होता. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

यात बहुमताचा अल्गोरिदम चुकला नाही. त्याने सांगितलं तेच केलं. चूक होती ती गृहीतकात: निवडणूक बहुमताने होत होती, पण *डेटा* मात्र असिंक्रोनस रेप्लिकेशनने, म्हणजे दुसऱ्या प्रतीच्या पोचेची वाट न बघता, जात होता. नेता निवडणारा एक थर आणि डेटा नेणारा दुसरा थर, आणि पहिल्याला दुसऱ्याची अवस्था नीट माहीत नाही. राफ्ट या बहुमताच्या अल्गोरिदममध्ये (२०१४) हे एकत्र बांधलं आहे. ज्याच्या लॉगमध्ये कमिट झालेल्या नोंदी नाहीत त्याला बहुमताची मतं मिळूच शकत नाहीत. माय-एस्क्यू-एल किंवा पोस्टग्रेसवर बाहेरून फेलओव्हरचं साधन बसवलं की ही हमी आपोआप मिळत नाही, आपल्याला ती जोडावी लागते.

म्हणून असिंक्रोनस रेप्लिकेशन असेल तर नियम: एका प्रदेशातल्या प्रदेशात फेलओव्हर आपोआप, प्रदेशाबाहेरचा माणसाने ठरवून. गिटहबनेही नंतर ऑर्केस्ट्रेटरला प्रदेशाची सीमा ओलांडायला बंदी घातली. पाच मिनिटं बंद राहणं परवडतं, दोन फांद्या फुटलेला डेटा जुळवणं परवडत नाही.

---

सांजवेळ

+१ तारयंत्र. पण मग सिंक्रोनस (पोच येईपर्यंत थांबणारं) करा म्हणणारे लगेच येतील, म्हणून त्याचा हिशोब आधीच मांडते.

मुंबई–हैदराबाद हवाई अंतर सुमारे ६२० किमी. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदाला साधारण २०० किमी जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद, आणि फायबर काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. धरून चालू १० मिलिसेकंद. प्रत्येक कमिटला १० मिलिसेकंद थांबणं ऐकायला काहीच वाटत नाही. पण पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस स्टँडबायची (राखीव प्रतीची) वाट बघताना ट्रान्झॅक्शनने धरलेली कुलपं (लॉक) तशीच धरलेली असतात. सगळे व्यवहार ज्या एका ओळीला हात लावतात, उदाहरणार्थ एका मोठ्या व्यापाऱ्याच्या शिल्लकेची ओळ, तिच्यावर सेकंदाला फार तर १०० व्यवहार होतील. सर्व्हर कितीही मोठा घ्या, हा आकडा हलत नाही. उपाय रचनेत आहे: शिल्लक एका ओळीत न ठेवता फक्त जमा-खर्चाच्या नोंदी घालत जा आणि बेरीज वेगळी काढा, किंवा एका शिल्लकेच्या १६ ओळी करून व्यवहार त्यांच्यात वाटा.

दुसरं, एकच सिंक्रोनस स्टँडबाय ठेवू नका. तो पडला की प्रायमरीवरचं प्रत्येक कमिट लटकतं, म्हणजे दोन मशीन घेऊन उपलब्धता एका मशीनपेक्षा *कमी* केली. दोन स्टँडबाय ठेवा आणि 'सिंक्रोनस स्टँडबाय नेम्स' या सेटिंगमध्ये 'एनी १' लिहा, दोघांपैकी कुणीही एकाने पोच दिली की पुरे.

आणि एक बारीक सापळा, जो धाग्याच्या शीर्षकाला चपखल बसतो. कमिट स्टँडबायची वाट बघत लटकलेलं असताना क्लायंटने क्वेरी रद्द केली, तर पोस्टग्रेस इशारा देतं की ट्रान्झॅक्शन स्थानिक पातळीवर आधीच कमिट झालेलं आहे, फक्त स्टँडबायवर पोचलं की नाही ते ठाऊक नाही. अनेक ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररी) हा इशारा गिळतात आणि वरच्या कोडला वाटतं की रद्द केलं म्हणजे झालं नाही.

---

उंबरठा

मूलभूत शंका. समजा दोनच डेटा सेंटर आहेत, एक मुंबईत, एक हैदराबादला. तीन नोड आहेत. दोन इकडे, एक तिकडे ठेवला तर चालेल ना?

---

तारयंत्र

@उंबरठा, हैदराबाद गेलं तर चालेल. मुंबई गेली तर तीनपैकी एकच उरतो, बहुमत नाही, क्लस्टर थांबला. आणि डेटा सेंटर जाण्याची भीती असते म्हणून तर दुसरं घेतलेलं असतं. दोन जागांमध्ये नोड कसेही वाटले तरी एका बाजूला बहुमत राहणार आणि दुसरी बाजू एकटी पडली की लंगडी होणार. चार नोड करून दोन-दोन ठेवले तर आणखी वाईट: बहुमताला तीन लागतात, मधली लाइन तुटली की दोन्ही बाजू थांबतात.

तिसरी *जागा* हवी. तिथे मोठं मशीन नको, मतदानापुरता छोटा साक्षीदार नोड चालतो, फक्त त्याची वीज आणि नेटवर्क बाकी दोघांपासून खरोखर वेगळं पाहिजे. क्लाउडवर हे सोपं आहे. ॲमेझॉनच्या मुंबई प्रदेशात तीन झोन आहेत, प्रत्येकात एक नोड.

नोडच्या संख्येचं गणित: ३ असतील तर १ गेला तरी चालतं, ५ असतील तर २, ७ असतील तर ३. सम संख्येने काही मिळत नाही. ४ नोडही एकच बिघाड सोसतात, उलट बहुमताला एक मत जास्त लागतं. माझा कल पाचाकडे, कारण देखभालीसाठी एक नोड खाली घेतलेला असताना दुसरा पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. सातच्या वर जाऊ नये, प्रत्येक लिखाण जास्त ठिकाणी पोचवावं लागतं आणि वेग खाली येतो.

---

हरभरा

एटसीडी (राफ्टवर चालणारा छोटा डेटासाठा) चालवणाऱ्यांसाठी लिहितो, कारण तो वापरणाऱ्या कुबरनेटीसमुळे (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) आज अनेकांच्या घरात राफ्ट येऊन बसलंय आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

ठोकळ (डिफॉल्ट) मूल्यं: हार्टबीट (लीडरचा 'मी आहे' हा निरोप) १०० मिलिसेकंद, निवडणुकीचा टाइमआउट १००० मिलिसेकंद. निवडणुकीचा टाइमआउट नोडमधल्या जाण्या-येण्याच्या वेळेच्या किमान दहापट हवा. पण 'वारंवार लीडर बदलतोय' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा नेटवर्कमध्ये नसतं, डिस्कमध्ये असतं. राफ्टची प्रत्येक नोंद डिस्कवर एफसिंक झाल्याशिवाय (खरोखर लिहून पक्की झाल्याशिवाय) पोच देता येत नाही. डिस्क अडली की लीडरची कामं तुंबतात, हार्टबीट उशिरा जातात, बाकीचे समजतात की लीडर गेला, आणि निवडणूक लागते. लॉगच्या एफसिंकचा ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे, म्हणजे शंभरातली ९९ एफसिंक तेवढ्यात उरकली पाहिजेत. वीज गेल्यावर डेटा वाचवणारे कपॅसिटर नसलेले साधे एसएसडी वाचनाला झकास असतात आणि एफसिंकला रडतात. त्याच डिस्कवर कंटेनरचे लॉग आणि इमेज ओढणं चालू असेल तर मग विचारायलाच नको. एटसीडीला स्वतंत्र डिस्क द्या.

साठ्याची मर्यादा मुळात २ जीबी असते. ती भरली की 'नो स्पेस' अलार्म लागतो आणि लिखाण बंद पडतं. क्रम: जुनी रिव्हिजन (आवृत्त्या) काम्पॅक्ट करून काढा, मग एकेक नोड डीफ्रॅग करून मोकळी जागा परत मिळवा (डीफ्रॅग चालू असताना तो नोड अडलेला असतो, म्हणून सगळे एकदम नको, लीडर शेवटी), आणि सरतेशेवटी अलार्म हाताने उतरवा. शेवटची पायरी विसरतात आणि मग 'जागा केली तरी चालत नाही' म्हणून डोकं धरतात.

तीनपैकी एक नोड कायमचा गेला तर आधी मेलेल्याला काढा, मग नवा घाला. उलट केलं तर सदस्य चार होतात, बहुमत तीनचं लागतं, जिवंत दोनच. नव्या नोडच्या पत्त्यात एक चूक असली की तो उठत नाही, बहुमत जातं, आणि चुकीचा सदस्य काढायलाही बहुमतच लागतं.

---

निळीशाई

लीज (मुदतीचं कुलूप) आणि कुलपांबद्दल. 'आम्ही वितरित कुलूप वापरतो, त्यामुळे एका वेळी एकच प्रोसेस फाइल लिहिते' हे वाक्य डिझाइनच्या कागदावर दिसलं की पुढचा प्रसंग त्याच्यावर चालवून बघा.

प्रोसेस अ ने ३० सेकंदांची लीज घेतली. कचरा गोळा करणं म्हणा, व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवणं म्हणा, अ ४० सेकंद गोठली. लीज संपली, कुलूप ब ला मिळालं, ब ने लिहायला सुरुवात केली. अ जागी झाली. तिच्या दृष्टीने मध्ये वेळ गेलेलाच नाही, आणि ती पुढची ओळ चालवते: लिहा. दोघी लिहितात. 'लिहिण्याआधी लीज तपासते' हे उत्तर पुरत नाही, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्या मध्येही गोठता येतं.

लिखाण जिथे होतं तिथेच अडवावं लागतं. कुलूप देताना वाढता क्रमांक (टोकन) द्या, अ ला ३३, ब ला ३४. साठवण प्रत्येक लिखाणाबरोबर हा क्रमांक मागते आणि आजवर पाहिलेल्या सर्वात मोठ्या क्रमांकापेक्षा लहान आला तर नाकारते. ब चं ३४ आल्यावर अ चं ३३ आपटतं. एटसीडीत कीची क्रिएट रिव्हिजन, झूकीपर या तशाच सेवेत झेडएक्सआयडी हे वाढते क्रमांक हे काम चोख करतात. डेटाबेसात हे एका अपडेटच्या अटीत मावतं: 'जिथे शेवटचा टोकन माझ्या टोकनपेक्षा मोठा नाही'. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर ताबडतोब थांबा.

साठवण असा क्रमांक तपासू शकत नसेल तर ते कुलूप म्हणजे काम दोनदा होऊ नये म्हणून केलेली काटकसर समजा, बरोबरपणाची हमी समजू नका.

याचंच भावंडं कुबरनेटीसमध्ये आहे. स्टेटफुलसेटचा (डेटाबेससारख्या सेवांसाठीची रचना) पॉड (चालू प्रत) ज्या नोडवर होता तो दिसेनासा झाला की नवा पॉड आपोआप उठत नाही. लोक वैतागून फोर्स डिलीट मारतात. नोड खरोखर बंद झाला आहे याची खात्री न करता ते केलं तर एकाच नावाचे दोन डेटाबेस चालू. आधी त्या मशीनची वीज तोडा, किंवा क्लाउडच्या कन्सोलवरून ते बंद झाल्याचं बघा, मगच फोर्स.

---

उंबरठा

घड्याळ बघून ठरवलं तर? प्रत्येक लिखाणावर वेळ टाका, नंतरची वेळ जिंकेल.

---

निळीशाई

@उंबरठा, कसांड्रा हा डेटाबेस नेमकं हेच करतो, म्हणून तिथले परिणाम सांगते. एका नोडचं घड्याळ ५ सेकंद पुढे असेल तर त्याने टाकलेल्या मूल्यावर पुढची ५ सेकंद कुणी काहीही लिहिलं तरी ते गप्प गिळलं जातं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू आहे एवढ्यावर विसंबू नका, प्रत्येक नोडच्या घड्याळाचा फरक मोजून त्यावर अलार्म लावा.

डिलीटचं आणखी विचित्र. डिलीट म्हणजे तिथे 'पुसलं' अशी खूण ठेवली जाते, आणि ती ८,६४,००० सेकंदांनी, म्हणजे दहा दिवसांनी काढता येते. एखादा नोड त्याहून जास्त काळ बंद राहून परत आला आणि मधल्या काळात रिपेअर (सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवणं) चालवलं नसेल, तर त्याच्याकडची जुनी प्रत जिवंत होते. पुसलेला डेटा उठून बसतो. त्यामुळे दहा दिवसांच्या आत संपूर्ण रिपेअर ही सक्तीची गोष्ट आहे, आणि त्याहून जास्त बंद राहिलेला नोड पुसून नव्याने जोडायचा.

गूगलच्या स्पॅनरने (२०१२) घड्याळावर विसंबून दाखवलं, पण त्यासाठी डेटा सेंटरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली. त्यांचं घड्याळ 'आत्ता किती वाजले' याला एक आकडा देत नाही, 'या दोन वेळांच्या मध्ये कुठेतरी' असं उत्तर देतं, आणि ती अनिश्चितता सरेपर्यंत कमिट थांबून राहतं. घड्याळालाही 'माहीत नाही' म्हणायला शिकवलं, हे मला त्या कामातलं सर्वात सुंदर वाटतं.

कालावधी मोजायला मात्र भिंतीवरचं घड्याळ कधीच नको, मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घ्या. २०१६ च्या अखेरच्या लीप सेकंदाला (घड्याळात घातलेला जादा सेकंद), आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला, क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांची वजाबाकी उणे आली आणि काही सर्व्हरवर ते कोसळलं. वेळ मागे जाणार नाही एवढंच त्या कोडने धरलं होतं.

---

सुपारीबाग

रिट्रायवर कुणी लिहिलं नाही अजून. मोठ्या बंद पडण्यांमध्ये मूळ ठिणगी लहान असते, आग रिट्राय लावतात.

ॲप, गेटवे, सेवा अशा तीन थरांत प्रत्येकाने एकूण तीन प्रयत्न करायचे ठरवले तर सर्वात खालच्या डेटाबेसवर एका क्लिकचे ३ × ३ × ३ = २७ कॉल येतात, आणि तेही तो आधीच धापा टाकत असताना. रिट्राय एकाच थरात ठेवा, शक्यतो सर्वात वरच्या. दोन प्रयत्नांतलं अंतर दुप्पट करत न्या आणि ते पूर्ण यादृच्छिक करा: थांबायचा वेळ शून्य ते कमाल मर्यादा यांच्या मधला कुठलाही. यादृच्छिकता नसेल तर सगळे क्लायंट ठरवून एकत्र आल्यासारखे एकाच क्षणी परत येऊन आदळतात. त्यावर एक अंदाजपत्रक: रिट्राय एकूण विनंत्यांच्या १० टक्क्यांवर गेले की बंद.

रांगेचं गणित यापेक्षा महत्त्वाचं. सेवा सेकंदाला १,००० विनंत्या उरकते. रांगेत १०,००० साचल्या. नव्या विनंतीचा नंबर लागायला १० सेकंद. क्लायंटचा टाइमआउट २ सेकंद. म्हणजे सेवा जे काही काम करतेय ते सगळं निघून गेलेल्या माणसांसाठी. सीपीयू १०० टक्के, उपयोगी काम शून्य, आणि तेच क्लायंट पुन्हा रांगेत. मूळ कारण दूर झालं तरी यातून प्रणाली स्वतःहून बाहेर येत नाही, बाहेरून भार तोडावा लागतो. म्हणून रांगेची लांबी मोजून ठेवा: वेग गुणिले चालेल तेवढा उशीर. १,००० × ०.५ सेकंद = ५००. पाचशे एकावी विनंती दारातच परत पाठवा. प्रत्येक विनंतीबरोबर 'मला अमुक वेळेपर्यंतच उत्तर हवंय' ही मुदत खालपर्यंत पाठवा, आणि मुदत गेलेलं काम हातात न घेता टाकून द्या.

---

हरभरा

सुपारीबाग यांच्या प्रतिसादाला जोड. फेलओव्हर ३० सेकंदांत झाला, तरी काही ॲप सर्व्हर पंधरा मिनिटं लटकलेलेच, हे लक्षण दिसलं तर लिनक्सचं टीसीपी (नेटवर्क कनेक्शन सांभाळणारा भाग) बघा. जुना प्रायमरी वीज जाऊन अचानक नाहीसा झाला की 'कनेक्शन तुटलं' असं सांगायला तिकडे कुणी उरत नाही. पाठवलेल्या डेटाची पोच आली नाही तर कर्नल ठोकळ मांडणीत १५ वेळा पुन्हा पाठवतो, वाढत्या अंतराने, आणि त्याला ९२४ सेकंदांच्या वर लागतात. शांत पडलेल्या कनेक्शनची चौकशी तर ७,२०० सेकंदांनी सुरू होते. कनेक्शनवर टीसीपी यूजर टाइमआउट १०–१५ सेकंद लावा, शिवाय ड्रायव्हरमध्ये क्वेरीचा स्वतंत्र टाइमआउट. चाचणी करताना फायरवॉलमध्ये 'रिजेक्ट' लावलं तर हे कधीच सापडणार नाही, कारण रिजेक्ट लगेच नकार कळवतं. 'ड्रॉप' लावा, ते काही न कळवता टाकून देतं.

---

जुनाजाणता

एक वेगळा सूर लावतो. इथे वाचून एखादा नवीन मुलगा दिवसाला पन्नास हजार ऑर्डरच्या दुकानासाठी पाच नोडचं कसांड्रा आणि काफ्का (मेसेज साठवून पुढे देणारी प्रणाली) उभं करेल. पन्नास हजार ऑर्डर म्हणजे सेकंदाला सरासरी एकसुद्धा नाही. एक नीट पोस्टग्रेस, एक स्टँडबाय, आणि दर महिन्याला खरोखर परत उभा करून बघितलेला बॅकअप. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, आणि ती या मांडणीत आरामात पाळता येते. प्रत्येकी ९९.९ टक्क्यांच्या पाच सेवा एकामागोमाग गुंफल्या की एकूण ९९.५ वर येतो, वर्षाला जवळजवळ ४४ तास. तुकडे करून भरवसा वाढत नाही, मुद्दाम कष्ट घेतले तरच वाढतो.

---

सांजवेळ

@जुनाजाणता, भाराच्या बाबतीत पूर्ण सहमत. पण पेमेंट गेटवेला एक कॉल केला की तुमचं एक-पोस्टग्रेसवालं दुकानही वितरितच झालं. कसांड्रा नको, पण गोदाकाठ यांनी दिलेलं कीचं टेबल हवंच.

---

जुनाजाणता

@सांजवेळ, हे मान्य. आणि बॅकअपवर भर दिला त्याचं आणखी एक कारण: डिस्कसुद्धा 'माहीत नाही' म्हणते. २०१८ साली पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं तर कर्नल ती पानं (मेमरीतले डेटाचे तुकडे) स्वच्छ, म्हणजे डिस्कवर लिहिलेली, म्हणून खूण करू शकतो, आणि दुसऱ्यांदा एफसिंक केलं की 'यशस्वी' येतं. डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. म्हणून आता एफसिंक फसलं की पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करत बसत नाही, स्वतः पडून लॉगमधून पुन्हा उभं राहतं.

---

पाणवठा

काफ्काचा उल्लेख आला म्हणून. 'तीन प्रती आहेत' एवढ्याने भागत नाही. प्रती ३, 'मिन इनसिंक रेप्लिकाज' (लिखाण घ्यायला किमान किती प्रती ताज्या हव्यात) २, प्रोड्यूसरला (मेसेज पाठवणाऱ्याला) 'ॲक्स ऑल' (सगळ्या ताज्या प्रतींची पोच), आणि अनक्लीन लीडर इलेक्शन (मागे पडलेल्या प्रतीला लीडर करणं) बंद. चारही एकत्र. 'मिन इनसिंक' १ वर राहिलं तर 'ऑल' म्हणजे 'जे उरलेत ते सगळे', आणि उरलेला एकटा लीडर असू शकतो. या मांडणीत दोन ब्रोकर (काफ्काचे सर्व्हर) पडले तर लिखाण नाकारलं जाईल. ते बरोबरच आहे, तिथे २ चा १ करून रेटण्याचा मोह आवरा. काफ्का प्रत्येक मेसेजला एफसिंक करत नाही, भरवसा प्रतींवर आहे. म्हणून तिन्ही प्रती एकाच रॅकच्या एकाच वीजपुरवठ्यावर नसाव्यात, ब्रोकरना रॅकची ओळख भरून द्या.

डेटाबेसात लिहिलं आणि मग काफ्कात टाकलं, या दोनच्या मध्ये प्रोसेस मेली तर? त्यासाठी आउटबॉक्स टेबल: ऑर्डर आणि 'हा मेसेज पाठवायचाय' ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, वेगळी प्रोसेस ते उचलून पाठवते. यात दोन खड्डे. पहिला, 'शेवटच्या आयडीपेक्षा मोठे आयडी द्या' अशी क्वेरी लिहू नका. आयडी १०१ घेतलेलं ट्रान्झॅक्शन १०२ च्या नंतर कमिट होऊ शकतं, आणि १०१ कायमचा सुटतो. 'पाठवलं' असा वेगळा कॉलम ठेवा. दुसरा, डेबेझियम या साधनाने पोस्टग्रेसच्या लॉगमधून बदल वाचत असाल तर कनेक्टर बंद पडल्यावर रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठवर पोचला याची खूण) लॉग अडवून धरतो आणि प्रायमरीची डिस्क भरते. १३ व्या आवृत्तीपासून स्लॉटने किती लॉग धरावा याची मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. मर्यादा घातली तर स्लॉट निकामी होऊन मेसेज पुन्हा पहिल्यापासून काढावे लागतील. ऑर्डर घेणं चालू ठेवायचं की एकही मेसेज न गमावणं, हे आधी ठरवून मग आकडा घाला.

---

उंबरठा

खूप मिळालं. शेवटची शंका: आयडेम्पोटन्सी कीच्या ओळी कधी पुसायच्या? २४ तासांनी पुसलं तर चालेल का?

---

गोदाकाठ

@उंबरठा, तीच विनंती पुन्हा कुठून कुठून येऊ शकते ते मोजा. मोबाइल ॲप तासाभरात सोडून देतं. पण मध्ये काफ्का असेल तर त्याची ठोकळ साठवण १६८ तास, म्हणजे सात दिवस. कुणी ऑफसेट (कुठवर वाचलं ती खूण) मागे नेऊन मेसेज पुन्हा चालवले की सहा दिवसांपूर्वीची विनंती तुमच्या दारात येते, आणि २४ तासांत पुसलेली की तिला नवी समजते. पैसे दुसऱ्यांदा जातात.

सात दिवस अधिक एक, असे किमान आठ दिवस ठेवा. टेबल दिवसागणिक पार्टिशन करा (तुकड्यांत वाटा) आणि आठ दिवसांपलीकडचं पार्टिशन अख्खं टाका, ओळीओळीने डिलीट करत बसू नका. एक अडचण येईल: पार्टिशन केलेल्या टेबलात पोस्टग्रेस युनिक इंडेक्समध्ये पार्टिशनची तारीख मागतं, आणि तीच की दुसऱ्या दिवशी आली तर दुसऱ्या पार्टिशनात जाऊन बिनविरोध बसते. म्हणून तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून घेऊ नका. ती कीमध्येच असू द्या, क्लायंटने बटण दाबलं त्या दिवसाची. म्हणजे तीच की कधीही आली तरी त्याच पार्टिशनात येऊन आपटेल. आणि आठ दिवसांहून जुनी तारीख असलेली की आली तर ती न चालवता नाकारून माणसाच्या यादीत टाका.